‘जैव अणुभट्टी’ नको, ‘केशनलिका’ चालेल

यकृत निकामी झालेल्या रुग्णासाठीच्या ‘हॉलो फायबर बायोरिॲक्टर’ या यंत्राला मराठीत ‘पोकळ धाग्यांची जैव अणुभट्टी’ म्हणावं का, असा प्रश्न आहे.

अणुभट्टी तर नकोच. रिॲक्टर दिसला की आपला हात सवयीने त्या शब्दाकडे जातो. तारापूरने तो इतका रुळवला आहे. इथे अणूंचं विभाजन होत नाही, पेशी जगवायच्या असतात. भट्टीही नको, कारण तापमान शरीराइतकंच ठेवावं लागतं. रासायनिक ‘विक्रिया’ आपल्याकडे आहेच, म्हणून ‘जैवविक्रियक’ बनवता येईल. बोलताना बायोरिॲक्टरच म्हणा, काही बिघडत नाही.

‘पोकळ धागे’ चूक नाही, पण धागा म्हटलं की शिवण आठवते. डायलिसिसच्या नळकांड्यात शेवयांसारखा जो जुडगा दिसतो, त्याच जातीच्या या बारीक नळ्या. भिंतींना सूक्ष्म छिद्रं असतात. साधारण रचना अशी, की नळीतून रुग्णाचा रक्तद्रव वाहतो आणि नळ्यांच्या बाहेरच्या जागेत यकृतपेशी असतात. अमोनियासारखी द्रव्यं भिंतीतून पेशींकडे जातात, पेशींनी बनवलेली प्रथिनं उलट येतात. पेशी मात्र रक्तात उतरत नाहीत. संशोधक रिचर्ड नाझेक आणि सहकाऱ्यांनी १९७२ साली अशा नळ्यांवर पेशी वाढवल्या, तेव्हा त्यांना ‘कृत्रिम केशवाहिन्या’च म्हटलं होतं. म्हणून माझं मत ‘केशनलिका’ला. ‘पोकळ तंतू’ दुसऱ्या क्रमांकावर.

खरा घोळ ‘कृत्रिम यकृत’ या शब्दात आहे, तुम्ही तो विचारला नसला तरी. ‘मार्स’ यंत्रात अल्ब्युमिन या प्रथिनाच्या मदतीने रक्तातली विषद्रव्यं काढतात. त्यात एकही जिवंत पेशी नसते. ‘हेपाटअसिस्ट’मध्ये डुकराच्या यकृतपेशी होत्या, ‘इलाड’मध्ये मानवी यकृताच्या गाठीपासून वाढवलेल्या. दोन्ही प्रकारांना एकच नाव दिलं तर वाचक फसतो. पेशी असतील तिथे ‘जैवकृत्रिम’ म्हणावंच.

पुढे नुसतं ‘यकृत’ही लिहू नये. हेपाटअसिस्टच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १७१ रुग्ण होते. ३० दिवसांनी यंत्र लावलेल्यांपैकी ७१ टक्के जिवंत होते, न लावलेल्यांपैकी ६२ टक्के, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. इलाडची मोठी चाचणीही २०१८ साली फसली. प्रत्यारोपण होईपर्यंत किंवा स्वतःचं यकृत सावरेपर्यंत तग धरायला मदत, एवढाच या यंत्रांचा दावा होता. तेव्हा ‘केशनलिकांचा जैवकृत्रिम यकृत-आधार’ असं लिहा. लांब आहे खरं, पण पहिल्या उल्लेखानंतर ‘यकृत-आधार’ पुरतं.