घरच्या स्टिरिओसाठी परवडणारा डॅक निवडताना नेमके काय पाहावे?

तुमच्याकडे फक्त ॲनालॉग इनपुट असलेला जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर आणि चांगले स्पीकर आहेत, त्यांना लॅपटॉप आणि टीव्ही दोन्ही जोडायचे आहेत, आणि आता स्वस्तातला डॅक (डिजिटल आकड्यांचा ॲनालॉग विद्युत संकेत करणारे उपकरण) घ्यावा की थोडे थांबून नावाजलेल्या चिपचा महाग डॅक घ्यावा, असे तुम्ही विचारले आहे. माझे मत असे की स्वस्तातला घ्यावा, मात्र तो चिपचे नाव वाचून नव्हे, तर त्याच्या मागच्या बाजूची सॉकेट आणि त्याच्या आउटपुटचा व्होल्टेज पाहून निवडावा.

१९८२ मध्ये सीडी बाजारात आली तेव्हा १६ बिट आणि सेकंदाला ४४,१०० नमुने हे प्रमाण ठरलेले होते, पण त्या अचूकतेने आकड्यांचा विद्युत संकेत करणे तेव्हा खरोखर अवघड होते. फिलिप्सच्या पहिल्या सीडी प्लेअरमध्ये १४ बिटचीच चिप होती आणि उरलेली कसर ओव्हरसॅम्पलिंगने (नमुन्यांची संख्या हिशेबाने अनेक पटींनी वाढवण्याने) भरून काढली जात असे. ती अडचण आता राहिलेली नाही. १६ बिटमध्ये सर्वांत मोठ्या आणि सर्वांत बारीक आवाजातले अंतर सुमारे ९६ डेसिबल असते आणि आजचा साधा, पण नीट बांधलेला डॅक ते सहज गाठतो. शांत खोलीतसुद्धा ३० डेसिबलच्या आसपास आवाज असतोच, त्यामुळे ही सगळी व्याप्ती ऐकायची तर ढोबळ हिशेबाने गाणे १२५ डेसिबलपर्यंत न्यावे लागेल, आणि तो आवाज कानाला इजा करणारा आहे. खोक्यावर लिहिलेल्या ३२ बिट आणि ७६८ किलोहर्ट्झ या आकड्यांना म्हणूनच भुलू नये. २४ बिटची सैद्धांतिक मर्यादाच १४४ डेसिबल आहे आणि सर्किटमधल्या रेझिस्टरच्या उष्णतेतून येणारा गोंगाट तिथपर्यंत पोहोचू देत नाही. एमक्यूए या ध्वनी-स्वरूपासाठीही जादा पैसे मोजू नयेत; टायडल या ज्या ऑनलाइन संगीत सेवेमुळे ते नाव घरोघरी पोहोचले, तिनेच २०२४ मध्ये ते सोडून दिले.

मग नवा डॅक लावल्यावर जमीन-अस्मानाचा फरक पडल्याचे इतके लोक का सांगतात? काहींच्या लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमध्ये खरोखर खरखर असते आणि त्यांना झालेला फायदा खरा असतो. पण पुष्कळदा कारण व्होल्टेजचे असते. हेडफोन जॅक साधारण १ व्होल्ट देत असेल आणि डॅक २ व्होल्ट देत असेल, तर ॲम्प्लिफायरची आवाजाची खुंटी न हलवताही आवाज ६ डेसिबलने वाढतो, आणि मोठा आवाज कानाला अधिक स्वच्छ आणि भरदार वाटतो. दोन डॅकची तुलना करायची असेल तर आधी २०० हर्ट्झचा स्थिर सूर वाजवून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने व्होल्टेज मोजावा आणि दोन्हींचे आकडे एका टक्क्याच्या आत आणावेत. १ किलोहर्ट्झचा सूर मी टाळतो, कारण स्वस्त मल्टिमीटर त्या फ्रिक्वेन्सीला भरवशाचे नसतात. त्यानंतर कोणता डॅक चालू आहे हे न सांगता घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी केबल बदलायला सांगावे. मी अशी तुलना केली आहे, आणि आवाज समान केल्यावर चांगल्या बांधणीच्या दोन डॅकमधला फरक मला ओळखता आलेला नाही.

तुमच्या ॲम्प्लिफायरच्या बाबतीत हा व्होल्टेजचा मुद्दा आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. सीडीच्या आधीच्या काळातले बरेच ॲम्प्लिफायर १५० ते २०० मिलिव्होल्टच्या इनपुटवरच पूर्ण ताकद देतील असे बनवलेले असत. त्यांना २ व्होल्ट दिले की खुंटी जराशी फिरवताच आवाज अंगावर येतो, आणि खुंटीच्या त्या सुरुवातीच्या भागातच डाव्या-उजव्या स्पीकरचा तोल सर्वांत जास्त बिघडलेला असतो. यावर उपाय म्हणजे आवाज कमी-जास्त करता येणारा डॅक घेणे, किंवा आरसीए केबलमध्ये (ॲम्प्लिफायरला जोडायच्या नेहमीच्या ॲनालॉग केबलमध्ये) बसणारे, संकेत क्षीण करणारे १० डेसिबलचे ॲटेन्युएटर लावणे. केबल ऑक्स, ट्यूनर किंवा टेप या सॉकेटमध्येच जोडावी. फोनोमध्ये मुळीच जोडू नये, कारण ते रेकॉर्ड प्लेअरच्या अत्यंत क्षीण संकेतासाठी असते.

टीव्हीसाठी डॅकला ऑप्टिकल इनपुट, म्हणजे प्रकाशाने संकेत नेणाऱ्या केबलचे सॉकेट, हवेच. जोडल्यानंतर टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आवाज पीसीएमवर (साध्या, न आवळलेल्या स्वरूपावर) ठेवावा; तो डॉल्बीच्या आवळलेल्या स्वरूपावर राहिला तर साध्या डॅकला संकेत उलगडता येत नाही आणि स्पीकर गप्प बसतात किंवा नुसता गोंगाट करतात. डॅक सदोष आहे असे समजून परत करणाऱ्यांनी आधी हे सेटिंग तपासावे, असे मी आवर्जून सांगेन. शिवाय बऱ्याच टीव्हींच्या ऑप्टिकल आउटपुटची पातळी स्थिर असते, म्हणजे टीव्हीच्या रिमोटने आवाज कमी-जास्त होत नाही. ॲम्प्लिफायरला रिमोट नसेल तर प्रत्येक जाहिरातीला उठावे लागेल, म्हणून रिमोट असलेल्या डॅकसाठी थोडे जास्त पैसे गेले तरी हात आखडता घेऊ नका.

लॅपटॉपसाठी यूएसबी पुरेसे आहे. असिंक्रोनस प्रकारचा डॅक घ्यावा, म्हणजे वेळेचे नियंत्रण लॅपटॉपकडे न राहता डॅकमधल्या घड्याळाकडे राहते. आताचे बहुतेक डॅक तसेच असतात. यूएसबीतली खरी कटकट म्हणजे घूं असा सतत येणारा आवाज. तो येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. बॅटरीवर तो थांबला, तर दोष डॅकच्या चिपचा नसून चार्जरच्या वाटेने अर्थिंगच्या तारांचे बंद वेटोळे (ग्राउंड लूप) तयार झाल्याचा आहे, आणि महाग डॅक घेऊनही तो जाईलच असे नाही. लॅपटॉपला ऑप्टिकल आउटपुट असेल तर ते वापरावे, कारण त्या केबलमधून वीज जातच नाही. नसेल तर यूएसबी आयसोलेटर, म्हणजे लॅपटॉप आणि डॅक यांच्यातला विजेचा थेट संबंध तोडणारे उपकरण, लावावा.

तेव्हा ऑप्टिकल आणि यूएसबी ही दोन्ही इनपुट, इनपुट बदलण्याचे बटण, आवाजावर नियंत्रण आणि आरसीए आउटपुट एवढे ज्यात आहे, असा सर्वांत स्वस्त पण वॉरंटी असलेला डॅक घ्या. एक्सएलआर (तीन पिनांच्या, मुख्यतः व्यावसायिक उपकरणांतल्या) आउटपुटचे पैसे तुमच्या ॲम्प्लिफायरला तसे सॉकेटच नसल्याने वाया जातील. डॅक आणल्यावर परत करण्याची मुदत संपण्याआधी काहीही न वाजवता ॲम्प्लिफायरचा आवाज नेहमीच्या पातळीवर ठेवा, टीव्ही आणि चार्जरवरचा लॅपटॉप आळीपाळीने निवडा आणि घूं असा आवाज येतो का, हे स्पीकरला कान लावून ऐका.