घाटात ट्रक गरम होतो: हेड खोलण्याआधी काय तपासावे

आपली अडचण मला समजली ती अशी. ट्रक सहाचाकी आहे. सपाट रस्त्यावर तापमानाचा काटा जागेवर राहतो, पण मुंबईहून माल भरून नाशिकला परतताना कसारा घाट लागला की तो लाल पट्ट्याकडे सरकतो आणि रेडिएटर पाणी बाहेर फेकतो. मिस्त्रींनी थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याला रेडिएटरकडे वाट देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकला, त्याने काही फरक पडला नाही, आणि आता ते हेड, म्हणजे इंजिनाचा सिलिंडरांवरचा भाग, खोलण्यास सांगत आहेत. माझ्या मते हेडला हात लावण्याची वेळ अजून आलेली नाही.

गाडी केव्हा गरम होते, यावरूनच निम्मे निदान होते. नाशिकच्या द्वारका चौकातल्या कोंडीत उभी असताना काटा चढत असेल आणि मोकळ्या रस्त्याला लागल्यावर उतरत असेल, तर संशय पंख्यावर जातो, म्हणजे सैल पट्टा किंवा पकड सोडलेला व्हिस्कस फॅन (गरम झाल्यावर आतल्या घट्ट तेलाच्या पकडीने फिरणारा पंखा). थंड इंजिन सुरू केल्यावर थोड्याच वेळात काटा वर जात असेल, तर पाणी कमी असणे, थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकणे किंवा हेड गॅस्केट (हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधले पॅकिंग) गळणे यांचा विचार करावा. आपल्यासारखी गाडी, जी फक्त भरलेल्या अवस्थेत चढावर तापते, तिच्यात बहुधा उष्णता बाहेर टाकण्याची क्षमताच घटलेली असते.

सर्वप्रथम थर्मोस्टॅट परत बसवावा. तो काढला की गाडी थंड राहते, हा समज आपल्याकडे फार खोलवर रुजला आहे. वस्तुतः अनेक डिझेल इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासचा, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी इंजिनात परत नेणारा, मार्ग बंद करण्याचे कामही तोच करतो. तो नसला की बरेचसे पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरत राहते आणि नेमके चढावर तापमान वाढते. नवा आणला तरी बसवण्यापूर्वी दोऱ्याने बांधून पातेल्यातील पाण्यात, तळाला टेकणार नाही असा सोडावा, शेजारी थर्मामीटर धरावा आणि पाणी तापवावे. बहुतेक ट्रकच्या इंजिनांत तो ८० अंशांच्या आसपास उघडू लागतो. नेमका आकडा त्याच्यावरच कोरलेला असतो.

त्यानंतर रेडिएटर. समोरून तो स्वच्छ दिसतो, यावर विश्वास ठेवू नये, कारण अनेक टर्बो गाड्यांत त्याच्या पुढे इंटरकूलर (इंजिनात जाणारी हवा थंड करणारी जाळी) असतो आणि खरा कचरा या दोन जाळ्यांच्या मध्ये बसतो. लासलगाव किंवा पिंपळगावच्या बाजारात उभ्या राहणाऱ्या गाड्यांत तेथे कांद्याची पात आणि धूळ यांचा जाड थर मी पाहिला आहे. इंटरकूलरचे बोल्ट ढिले करून टॉर्चच्या उजेडात आत पाहावे आणि पाण्याचा साधा झोत इंजिनाच्या बाजूकडून बाहेर मारावा. प्रेशर पंपाने जाळीचे पाते वाकते. आतला अडथळा ओळखण्यासाठी गाडी पुरेशी गरम करून, पंख्यापासून हात दूर ठेवून, इन्फ्रारेड थर्मामीटर जाळीवरून फिरवावा. मध्येच एखादा पट्टा लक्षणीय थंड लागला, तर तेथील नळ्या क्षाराने बुजल्या आहेत आणि रेडिएटरवाल्याकडून रॉड मारून, म्हणजे नळ्यांत सळई फिरवून, त्या साफ करून घ्याव्या लागतील. (कोरोनाच्या काळात घेतलेले ताप मोजण्याचे यंत्र येथे बहुधा चालणार नाही, कारण त्याची मोजपट्टी शरीराच्या तापमानापुरतीच असते.) त्याच थर्मामीटरने थर्मोस्टॅटच्या घराचे तापमान घेऊन डॅशबोर्डवरचा काटा खरे बोलतो का, तेही पाहावे. बोअरचे क्षारयुक्त पाणी भरत असाल, तर ते आजच बंद करावे.

रेडिएटरच्या झाकणाकडे कोणी पाहत नाही. नाशिकच्या सुमारे ६०० मीटर उंचीवर उघडे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते, ०.९ बारचे झाकण नीट दाब धरत असेल, तर तोच बिंदू ११५ च्या पुढे जातो. रबर कडक झालेले किंवा स्प्रिंग मेलेले झाकण हा दाब धरत नाही आणि इंजिन निरोगी असूनही पाणी उडते. मात्र गरम गाडीचे झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नये.

आता मुख्य मुद्दा. रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले, म्हणून हेड गॅस्केट गेले, असा निष्कर्ष काढला जातो. परंतु आपल्या ट्रकला एअर ब्रेक आहेत, आणि अनेक गाड्यांत हवेचा कंप्रेसर इंजिनाच्याच पाण्याने थंड होतो. त्याचे हेड किंवा पॅकिंग गळू लागले की दाबाची हवा पाण्यात शिरते आणि लक्षणे हुबेहूब हेड गॅस्केटसारखी दिसतात. दोन्हींतला भेद घरी असा करावा. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना चारही बाजूंनी ओट (दगड किंवा लाकडाचा अडसर) लावावी, कारण पुढची कृती ब्रेकच्या हवेच्या टाक्या पूर्ण रिकाम्या करण्याची आहे. टाक्या रिकाम्या झाल्यावर, इंजिन थंड असताना रेडिएटरचे झाकण काढावे, पाणी काठापर्यंत भरावे आणि इंजिन सुरू करून टाक्या पुन्हा भरू द्याव्यात. हवा भरत असताना बुडबुडे येत असतील आणि अनलोडर व्हॉल्व्हने (टाक्या भरल्या की कंप्रेसरचे काम थांबवणारा व्हॉल्व्ह) फुस्स आवाज करून कंप्रेसर मोकळा करताच ते थांबत किंवा स्पष्टपणे कमी होत असतील, तर दोष कंप्रेसरमध्ये आहे. हवा पूर्ण भरल्यानंतरही ते तसेच चालू राहिले आणि रेस वाढवल्यावर वाढले, तर मात्र संशय हेड गॅस्केटवर येतो. हवेच्या टाकीच्या ड्रेनमधून (तळाच्या निचरा-छिद्रातून) कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी, निघाले, तर कंप्रेसरविरुद्धचा पुरावा भक्कम झाला असे समजावे, आणि अशी गाडी घाटात नेऊ नये, कारण येथे प्रश्न ब्रेकचा आहे.

वॉटर पंप, होज पाइप आणि पट्टा हे नजरेने तपासता येते. पंपाच्या खालच्या छिद्रातून ओघळ दिसला, तर पंप बदलावा. रेस दिल्यावर रेडिएटरचा खालचा पाइप आत ओढला जात असेल, तर त्यातील स्प्रिंग गेली आहे. ऑइलची कांडी दुधाळ दिसली, म्हणजे ऑइलमध्ये पाणी मिसळल्याचा संशय असला, तर गाडी पुढे चालवू नये.

हे सर्व करूनही दोष हेडकडेच निघाला, तर खोलण्याआधी मिस्त्रींशी दोन गोष्टी ठरवून घ्याव्यात. हेड सरळपट्टी ठेवून वाकले आहे का ते पाहावे, आणि वेट लायनरचे (ज्याच्या सिलिंडरच्या बदलता येणाऱ्या नळीला बाहेरून थेट पाणी लागते असे) इंजिन असल्यास प्रत्येक लायनर ब्लॉकच्या वर किती आहे, हे डायल गेजने (घड्याळासारख्या तबकडीच्या सूक्ष्म मापकाने) मोजून कंपनीच्या मापाशी ताडून घ्यावे. ही मोजणी न करता नुसते नवे गॅस्केट टाकले, तर पुढच्या काही फेऱ्यांतच ते पुन्हा उडू शकते आणि खर्च दुप्पट होतो.