सत्कर्मं करूनही तारण (पापातून सुटका) मिळत नाही, असं ख्रिस्ती लोक का म्हणतात?

मी मालवणकडचा ख्रिस्ती. हा प्रश्न शेजारी मलाही विचारतात: 'आयुष्यभर चांगलं वागलेल्या माणसाचं काय मग?'

ओहोटीला खाडीच्या चिखलात रुतलेली होडी आठवा. दहा माणसं लावून ढकला, हलत नाही. भरती येते आणि तीच होडी अलगद उचलली जाते. भरती आपण आणत नाही, विकतही घेत नाही. कृपा म्हणजे हे. बायबलमधल्या इफिसकरांस पत्रात (२:८-९) येशूचा प्रेषित पौल तेच सांगतो: तारण हे देवाचं दान, कर्मांचं फळ नव्हे, म्हणून कुणी बढाई मारू नये. पण लगेच दहाव्या ओवीत तो म्हणतो की आपण सत्कर्मांसाठीच घडवलेले आहोत. ही ओवी लोक नेहमी विसरतात! होडी तरंगल्यावर वल्हवायची तर आपल्यालाच. बायबलमधल्याच आपल्या पत्रात याकोबही बजावतो, कर्मांवाचून विश्वास मेलेला.

येशूच्या शेजारी वधस्तंभावर मरत असलेल्या चोराकडे तर पुण्य साठवायला वेळच उरला नव्हता. तरी येशूने त्याला 'आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील' असं म्हटलं. मला स्वतःला सगळ्यात जास्त धीर इथेच मिळतो.

कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यावर सोळाव्या शतकापासून भांडले. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्गला कॅथलिक आणि लुथरन (एक प्रोटेस्टंट पंथ) मंडळींनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या: देव आपल्याला स्वीकारतो ते कृपेनेच, आपल्या गुणांमुळे नव्हे. बारीक मतभेद अजून आहेत. पण 'सत्कर्मं व्यर्थ' असं दोघांपैकी कुणीच शिकवत नाही.