स्विच 2 घेऊ का? घ्या, पण 69,980 येनवाला

प्रश्न: ताई, मी 29 वर्षांचा आहे, चिंचवडला तीन मित्रांसोबत राहतो. गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात क्वालिटीला आहे, हातात 48,000 येतात. भाडं, मेस, बाइकचा हप्ता आणि घरी कराडला पाठवायचे 12,000 धरून 38,000 जातात. एसआयपी 4,000 ची, एफडी 1,10,000 ची. 2021 मध्ये पीएस5 (सोनीचा प्लेस्टेशन 5 हा गेम कन्सोल) च्या वेळी मोठी चूक केली, तीही खाली लिहिली आहे. आता निन्टेंडो स्विच 2 हा नवा गेम कन्सोल घ्यायचा आहे. जून 2025 मध्ये तो बाहेर आला तेव्हा दुकानदार मारिओ कार्टच्या गेमसकट 58,000 म्हणत होता, आता 52,000 म्हणतो. बिल देणार नाही, कार्ड घासलं तर वर दोन टक्के. फेब्रुवारीपासून मी 2,000 ची आरडी फक्त यासाठी ठेवली आहे, तिचे 16,000 झालेत. दिवाळीचा बोनस 34,000 येईल, त्यातले 10,000 आईला. मामेभाऊ नागोयाला असतो, डिसेंबरात येतोय. तो म्हणतो तिकडे 49,980 येनला मिळतो, आणू का? की कार्डावर बारा हप्ते करून आत्ताच घेऊ? वडील 63 वर्षांचे आहेत, त्यांना शुगर आहे.

उत्तर: तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा आकड्यांसाठी, आणि दुसऱ्यांदा 12 जानेवारी 2021 च्या त्या परिच्छेदासाठी (तो इथे छापलेला नाही). दुपारी बारा वाजता पीएस5 चं बुकिंग उघडणार म्हणून तुम्ही जेवणाची सुट्टी अलीकडे घेतली. कँटीनच्या मागे, जिथे नेटवर्कच्या दोन दांड्या जास्त येतात, तिथे पिनकोड आधीच भरून उभे राहिलात. कन्सोल कार्टमध्ये गेला, पैसे भरायच्या पानापर्यंत पोचलात, ओटीपी उशिरा आला, आणि तो टाकेपर्यंत ‘स्टॉक संपला’. त्या दिवशी देशभर हेच झालं, काही मिनिटांत सगळं संपलं होतं. 2 फेब्रुवारीला ज्यांच्या घरी खोकी पोचली त्यांचे फोटो तुमच्या ग्रुपवर दिवसभर येत राहिले. त्याच आठवड्यात तुम्ही ओळखीच्या एका विक्रेत्याकडे 67,000 ला कार्ड घासलंत. छापील किंमत होती 49,990.

हौस मला कळते. मी शाळेत होते तेव्हा मे महिन्यात आमच्या आळीत टीव्हीवरचा व्हिडिओ गेम तासाच्या भाड्याने मिळायचा. कॅसेट चालली नाही की ती काढून फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची. पुढचा नंबर आपला आहे म्हटल्यावर पोटात जे व्हायचं ते मी विसरलेले नाही. त्यामुळे खेळणं हा वायफळ खर्च आहे असं मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही घर चालवता, आईवडिलांना पैसे पाठवता, एसआयपी थांबवत नाही. अशा माणसाला स्वतःच्या आवडीची वस्तू घ्यायचा पूर्ण हक्क आहे. मी फक्त तिचा भाव बघणार आहे.

पीएस5 चा खरा भाव तुम्ही कधी मांडला नसावा, म्हणून मी मांडते. तुम्ही लिहिता की दरमहा 5,000 भरत ऑक्टोबर 2022 मध्ये कार्ड कोरं झालं. कार्डाचं व्याज महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास, त्यावर 18 टक्के जीएसटी. 67,000 चं कर्ज या दराने फिटायला वीस महिने लागतात आणि एकूण भरणा लाखाला टेकतो. तुमचे महिने बरोबर तेवढेच आहेत. म्हणजे 49,990 चा कन्सोल तुम्हाला लाखाला पडला. पुढच्याच महिन्यात, नोव्हेंबर 2022 मध्ये, सोनीने इथली किंमत वाढवून 54,990 केली. जो शांतपणे थांबला आणि वाढीव भावाने रोख घेऊन गेला, त्याला पाचच हजार जास्त लागले. हे तुम्हाला टोचायला लिहीत नाही. 17,000 चा वरचा भाव तुम्ही पाहून दिला होता. त्याच्या जवळजवळ दुप्पट रक्कम नंतर व्याजात आणि करात गेली, आणि ती तुम्हाला दिसलीच नाही.

तेच आता पुन्हा दारात आहे. 52,000 वर दोन टक्के म्हणजे 53,040. बँक अशा खरेदीचे हप्ते साधारण 16 टक्क्यांनी करून देते. बारा हप्ते, प्रत्येकी 4,812 च्या आसपास. त्यातलं व्याज 4,700, व्याजावर जीएसटी साडेआठशे, प्रोसेसिंग फीचे दोन-अडीचशे. सगळं मिळून 58,800. जूनमध्ये 58,000 ऐकून तुम्ही मन घट्ट केलंत आणि दुकानातून परत फिरलात. हप्त्यांवर घेतलात तर चार महिने थांबून वाचवलेले सगळे पैसे परत जातात. शिवाय 48,000 मधून 38,000, एसआयपीचे 4,000 आणि आरडीचे 2,000 वजा केले की तुमच्याकडे उरतात 4,000. हप्ता त्याहून मोठा आहे. तेव्हा एसआयपी तरी थांबेल, नाहीतर कार्डाची मिनिमम ड्यू, म्हणजे किमान रक्कम भरून बाकीवर व्याज देत राहणं, पुन्हा सुरू होईल. तो रस्ता तुम्ही एकदा चालून आलात. हप्ते नकोत.

मग थांबलं तर स्वस्त होईल का? पूर्वी मी बेधडक हो म्हणायचे. पीएस3 अमेरिकेत 2006 ला 599 डॉलरला आला आणि 2009 ला त्याची सडपातळ आवृत्ती 299 ला मिळत होती. या पिढीत मात्र उलटं चाललंय. पीएस5 चं वर पाहिलंच. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेत तो आणखी 50 डॉलरने वाढला आणि 2017 पासून 299.99 ला मिळणारा जुना स्विचसुद्धा 339.99 झाला. त्यामुळे कंपनीची किंमत उतरेल या आशेवर वर्षानुवर्षं बसा, असं मी म्हणणार नाही.

दुकानदाराचा वरचा भाव मात्र उतरतो, आणि तो उतरलेला तुम्ही पाहिलात. 2021 मध्ये चिपची टंचाई होती, कोविड होता, माल येतच नव्हता, म्हणून वरचे भाव दीर्घकाळ टिकले. स्विच 2 चं तसं नाही. जपानमध्ये कंपनीच्या स्वतःच्या ऑनलाइन दुकानाच्या सोडतीला 22 लाख अर्ज आले हे खरं, पण 5 जून 2025 पासूनच्या पहिल्या चार दिवसांत जगभरात 35 लाख नग विकलेही गेले. माल आहे. अमेरिकेत नुसता कन्सोल 449.99 डॉलरला, म्हणजे डॉलर 88 रुपये धरला तर साधारण 39,600 ला. मारिओ कार्ट वर्ल्ड 79.99 डॉलर, म्हणजे सुमारे 7,000. तुमचा दुकानदार या बेरजेवर अजून पाच हजार घेतोय, आणि बदल्यात बिल नाही. निन्टेंडो भारतात अधिकृत विक्री करत नाही, इथे तिचं सर्व्हिस सेंटर नाही. बिघडलं तर तुमच्या हातात दुकानदाराचा शब्द तेवढा.

आता मामेभाऊ. सगळ्यात चांगला रस्ता हाच आहे, आणि सगळ्यात मोठी गफलतही इथेच होऊ शकते, म्हणून हा भाग नीट वाचा.

जपानमध्ये स्विच 2 दोन प्रकारचा आहे. 49,980 येनवाला फक्त जपानी भाषेत चालतो. सेटिंगमध्ये जाऊन इंग्रजी करता येत नाही, आणि त्याला फक्त जपानचं निन्टेंडो अकाउंट जोडता येतं. येन 58 पैसे धरला तर तो 29,000 ला पडतो. आकडा मोहात पाडणारा आहे, म्हणून मामेभावाने चांगल्या मनाने तो उचलून आणला तर नवल नाही. मग चिंचवडच्या खोलीत खोकं उघडल्यावर पडद्यावर सगळी जपानी अक्षरं, आणि परत करायला दुकान नागोयाला. तुम्हाला हवा तो बहुभाषिक, 69,980 येनचा. तो दुकानांत मिळत नाही, निन्टेंडोच्या जपानमधल्या ऑनलाइन दुकानातच मिळतो. सुरुवातीच्या सोडतींना तर 50 तास खेळल्याची नोंद आणि वर्षभराचं ऑनलाइन सदस्यत्व अशी अट होती. मामेभाऊ स्वतः खेळत नसेल तर त्याने आजच अकाउंटवरून घेता येतोय का हे बघावं, विमानाच्या आदल्या दिवशी नाही.

69,980 येन म्हणजे 40,600 रुपये. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला ठरावीक किमतीपर्यंतचं सामान शुल्काशिवाय आणता येतं, आणि कन्सोल त्यात बसतो. पण त्या मर्यादेत त्याच्या पिशवीतल्या बाकीच्या नव्या वस्तूही मोजल्या जातात. त्याने कुणासाठी कॅमेरा किंवा फोन आणला तर मर्यादा ओलांडली जाऊ शकते, आणि वरच्या रकमेवर शुल्क लागतं. बायको सोबत असली तरी दोघांची मर्यादा एका वस्तूसाठी एकत्र करता येत नाही. हे त्याला आधी सांगा, आणि कन्सोलची पावती हातातल्या बॅगेत ठेवायला सांगा. कुरिअरने मात्र मागवू नका, तिथे शुल्क आणि जीएसटी दोन्ही लागतात.

सेकंडहँडचा विचार मनात आला असेल तर काढून टाका. गेमची नकली कार्ट्रिज वापरल्यामुळे काही स्विच 2 निन्टेंडोने ऑनलाइन सेवेतून कायमचे बंद केले आहेत. विकणारा ते सांगत नाही, आणि ऑनलाइन जाईपर्यंत कळत नाही.

पैसे कुठून येतील? डिसेंबरपर्यंत आरडीचे 20,000 होतील, आईचे बाजूला काढून बोनसचे उरतात 24,000. एकूण 44,000. कन्सोल 40,600. गेमला साडेतीन हजारांच्या आसपास कमी पडतात, तर गेम फेब्रुवारीत घ्या, आरडी तोवर चालू ठेवा. मित्राकडे गेम असेल तर तोवर त्याची कार्ट्रिज आणा. जास्तीचं मेमरी कार्ड आत्ता नको, आत 256 जीबी आहे. आणि तुमच्या जुन्या स्विचवाल्या मित्राचं कार्ड यात चालणार नाही, याला मायक्रोएसडी एक्सप्रेस लागतं, ते महाग आहे.

एफडीला हात लावायचा नाही. 1,10,000 म्हणजे तुमच्या 38,000 च्या हिशेबाने जेमतेम तीन महिन्यांची सोय.

आता ज्या गोष्टीवर तुम्ही पत्रात एकच ओळ लिहिलीत ती. वडील 63, शुगर आहे, आणि विम्याचा उल्लेख कुठेच नाही. बोनस खात्यात आल्यावर आधी एचआरकडे जा आणि कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आईवडिलांना घेता येतं का, किती पैसे भरून, हे लेखी विचारा. अशा पॉलिसीत आधीपासूनचे आजार बहुतेकदा पहिल्या दिवसापासून धरतात, म्हणून शुगरवाल्या माणसासाठी ती सोन्यासारखी. ते जमत नसेल तर वैयक्तिक पॉलिसीचे दर काढा. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे, त्यामुळे मागे कधी दर ऐकून घाबरला असाल तरी पुन्हा विचारा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा आधार आहेच, पण ती ठरावीक उपचारांना आणि ठरावीक रुग्णालयांतच चालते. विम्याच्या हप्त्याला 24,000 पैकी मोठा भाग लागला तर कन्सोल उन्हाळ्यावर जाईल. मला ठाऊक आहे हे ऐकायला जड आहे. पण जूनमध्ये सगळं जग खोकी उघडत असताना तुम्ही थांबून दाखवलंत, आणि या वेळी तर आरडीत 16,000 आधीच जमलेले आहेत.

बहुभाषिक मिळालाच नाही तर दुकानदाराकडे जा, रोख घेऊन. 48,000 गेमसकट, सीलपॅक, सहा महिन्यांची हमी कागदावर सही-शिक्क्यानिशी. याच्या वर एक रुपयाही नाही. तो नाही म्हणाला तर महिन्याभराने परत विचारा, सहा हजारांनी तो आधीच खाली आलाय.

मामेभावाला आज रात्री एवढंच पाठवा: ‘दादा, 49,980 चा नको. सगळ्या भाषांवाला, 69,980 चा. तो नाही मिळाला तर काहीच आणू नकोस, नुसता ये.’