शिंगराला नाल ठोकायची घाई कशाला? – वाचकांचे प्रश्न

पाऊस ओसरला की घोडेवाल्यांची पत्रं वाढतात, आणि यंदा जवळजवळ सगळेच प्रश्न खुरांचे आहेत, तेही लहान, अजून नाल न मारलेल्या जनावरांचे. म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत, गाईम्हशीवाल्यांनी राग मानू नये.

प्रश्न : डॉक्टर नमस्कार, गेल्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारातून मारवाडी बछेरी आणली, तेव्हा सहा महिन्यांची होती, आता दीड वर्षाची होत आलीय. पुढचे खूर पसरट झालेत, कडेनं तुकडे पडतायत. नालबंद म्हणतो नाल ठोकून टाकू सगळं जागेवर येईल, वडील म्हणतात दोन वर्षं हातसुद्धा लावू नको. ऐकू कुणाचं? (फलटण)

उत्तर : दादा, अर्धं वडिलांचं ऐका, नालबंदाचं आत्ता नको. नाल ठोकायची नाही हे वडिलांचं बरोबर, पण हात लावायचा नाही हे साफ चूक, आणि तुमच्या बछेरीचं नुकसान झालंय ते त्या दुसऱ्या अर्ध्यानंच.

मोठ्या घोड्याचा खूर महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढतो, शिंगराचा त्याहून वेगात. म्हणजे तुम्ही बाजारातून आणलीत तेव्हा खुराचं जे कवच जमिनीला टेकत होतं ते केव्हाच तुटून गेलं, आता फोटोत दिसतोय तो सगळा तुमच्या दावणीला वाढलेला खूर. माळावर मुरमात फिरणारं जनावर तो आपला आपण झिजवतं. तुमची बछेरी बांधलेली, खाली मऊ माती, मग झिजणार कशावर? पुढचं टोक लांब होतं, कडा बाहेर फाकतात, आणि एक दिवस दगडावर पाय पडला की कपचा उडतो.

नाल आत्ता का नको, तर खूर म्हणजे लाकडाचा ठोकळा नाही. पाय टेकला की टाचेकडून तो किंचित रुंदावतो, उचलला की परत आवळतो, वाढत्या वयात तर तो दर महिन्याला आकारानंच मोठा होत असतो. त्यावर लोखंडाची कडी खिळ्यांनी पक्की केली की वाढीला आडकाठी आली. तिला अजून ना खोगीर ना टांगा, काम सुरू होईल आणि खूर वाढीपेक्षा जास्त झिजायला लागतील तेव्हा नालेचा विचार करू.

आता करायचं काय. दर चार ते सहा आठवड्यांनी कानस लावून घ्यायची. एकदम सगळं कापून सरळ करायचं नाही, दोन-तीन वेळात आणायचं, नाहीतर पोर दुसऱ्या दिवशी खड्यांवरून अशी चालेल जशी आपण अनवाणी डांबरावरून चालतो. फाकलेल्या कडा घासून गोल करायच्या, पुढचं टोक मागं घ्यायचं. तळवा कोरायचा नाही. आणि मधला तो रबरासारखा त्रिकोणी भाग, ज्याला फ्रॉग म्हणतात, तो कापून गुळगुळीत करायची आपल्याकडच्या कित्येक नालबंदांना भारी हौस असते, ती करू द्यायची नाही. फक्त लोंबणारी साल तेवढी काढायची.

काम नीट झालं का हे बघायला डॉक्टर लागत नाही. सपाट फरशीवर उभी करा, बाजूला उकिडवे बसा. खुराची पुढची रेघ आणि त्याच्या वरच्या तिरक्या हाडाची रेघ एका ओळीत दिसली पाहिजे. मध्येच मागं मोडलेली दिसली तर टोक अजून लांब आहे.

पुढच्या वेळी शिंगरू घेतलंत तर दीड-दोन महिन्यांचं असतानाच पहिल्यांदा कानस लावा. खुराच्या वर जो घोट्याचा सांधा दिसतो त्याच्यापाशी हाडाची वाढ पहिल्या तीन-चार महिन्यांतच बहुतेक उरकते, तिथला वाकडेपणा त्या आत पकडला तर पकडला. गुडघ्याला अजून बराच वेळ मिळतो. वर्षानंतर खूर घासून पाय सरळ करू म्हणणारे भेटतात, ते हाड नाही सरळ करत, सांध्यावर नसता ताण आणतात.

प्रश्न : सर आमची शिंगी पाय उचलूच देत नाही, नालबंद आला की दोघंजण दोराने पाडतात मग काम होतं. दुसरा उपाय? (दौंड)

उत्तर : पाडणं बंद करा आधी. एकदा पाडलेलं शिंगरू जन्मभर नालबंदाच्या पेटीचा आवाज ओळखतं.

रोज खरारा करताना हात खांद्यावरून सुरू करून खाली नळीपर्यंत, म्हणजे गुडघ्याखालच्या हाडापर्यंत न्यायचा, उचल म्हणायचं, दोन सेकंद उचलायचा आणि तिनं ओढायच्या *आत* आपणच खाली ठेवायचा. सगळी गोम त्या ‘आत’मध्ये आहे. तिनं हिसका दिला आणि तुम्ही सोडलात तर ती शिकली हिसका दिला की सुटका होते. पाय फार वर किंवा बाहेरच्या बाजूला ओढू नका, कोवळ्या सांध्याला दुखतं आणि मग आपण म्हणतो हट्टी आहे.

प्रश्न : आमच्याकडे चार महिने पाऊस. आठ महिन्यांच्या शिंगराच्या मागच्या पायांना घाण वास येतो, खुरात काळं चिकट. चुलत्यांनी मोरचुदाची पूड भरली तर ते लाथा मारायला लागलं. (राधानगरी)

उत्तर : लाथ मारणारच हो, मोरचूद उघड्या जखमेवर पडला की भाजल्यासारखं होतं. निबर कातडीला चालतो, जिवंत मांसाला नाही.

ही फ्रॉगची सड. ओल, मूत, लीद आणि हवा न लागणं या चौघांची मिळून झालेली. मागच्या पायांना जास्त, कारण जनावर आपल्याच मुतात मागचे पाय देऊन उभं राहतं. बोथट आकड्यानं टाचेकडून टोकाकडे साफ करा, उलटं नाही. दोन्ही बाजूच्या खाचा तर कराच, पण टाचेच्या मधोमध जी चीर असते ती बोटानं दाबून बघा. निरोगी खुरात तिथं नुसता उथळ खळगा असतो. तुमच्या शिंगराच्या त्या चिरेत आकड्याचं टोक शिरत असेल तर आजार खोल गेलाय. पाण्यानं धुवा, पूर्ण कोरडं करा, मग बीटाडीनमध्ये भिजवलेला कापसाचा बारीक पेड त्या चिरेत हलक्या हातानं बसवा, रोज बदला. पंधरवड्यात वास गेला पाहिजे. रक्त येत असेल, लंगडत असेल तर तिथल्या पशुवैद्याला दाखवा.

पण औषध दुय्यम. उभं राहायची जागा चार बोटं उंच करून मुरूम भरा, मुताला उतार द्या, आणि दिवसातून थोडा वेळ तरी मोकळं चालवा. चालल्यानं खुरात रक्त खेळतं, खाचेतली घाण आपोआप पडते.

प्रश्न : चार महिन्यांचा बछेरा, डिसेंबरात बाजारात दाखवायचाय म्हणून आईला आणि त्यालाही चंदी (दाण्याचा खुराक) वाढवली, अंगानं मस्त भरलाय पण आठ दिवसांपासून पुढच्या उजव्या पायाची टाच टेकत नाही, खूर डब्यासारखा उभा दिसतो. (मालेगाव)

उत्तर : हे वाचून थांबू नका, उद्याच डॉक्टर बोलवा. हाड भराभर वाढतंय आणि पायामागची दोरीसारखी नस (रक्ताची नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणारी) त्या वेगानं लांब होत नाही, म्हणून खूर मागं ओढला जातोय. एक ते सहा महिने हे याचं ठरलेलं वय, आणि जास्त खाऊ घातलेली, झपाट्यानं वाढणारी पिल्लंच यात जास्त सापडतात. लवकर पकडलं तर खाणं कमी करून, टाच घासून, मोजकं चालवून पुष्कळदा सुधारतं. उशीर झाला तर ऑपरेशनची वेळ येते.

चंदी आजपासून बंद, त्याची पूर्ण आणि आईची निम्मी. हरभरा आणि गव्हाचा कोंडा भरपूर दिला की आपल्याला वाटतं खुराक झाला, पण कोंड्यात फॉस्फरस भरमसाट आणि कॅल्शियम नावाला. चांगलं वाळलेलं गवत, थोडा लसूणघास, आणि खनिज मिश्रण डॉक्टर सांगतील तेवढंच. यंदाचा बाजार विसरा. गुबगुबीत बछेऱ्याला चार हजार जास्त मिळतील म्हणून पाय घालवायचा का?

प्रश्न : शिंगरू काल संध्याकाळी हुंदडत होतं, आज सकाळी तीन पायांवर. सूज कुठंच नाही. मोडलं का? (इंदापूर)

उत्तर : मोडलेलं असूही शकतं म्हणून डॉक्टर हवाच, पण बहुतेक वेळा खुरात पू झालेला निघतो. दोन्ही पुढच्या खुरांवर हात ठेवून बघा एक गरम लागतो का. मग घोट्याच्या मागच्या बाजूला दोन बोटं ठेवा, दुखऱ्या पायाची नाडी ठणठण उडताना लागेल, चांगल्या पायाची शोधावी लागते.

डॉक्टर येईपर्यंत कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट घालून पंधरा-वीस मिनिटं पाय बुडवा, कोरडा करून लहान बाळाचा डायपर गुंडाळा आणि वरून चिकटपट्टी. हसू नका, याच्याइतकं चांगलं बँडेज मेडिकलमध्ये मिळत नाही. चाकूनं स्वतः कोरू नका, घरातली माणसाची वेदनाशामक गोळी देऊ नका. खिळा रुतलेला दिसला आणि डॉक्टर तासाभरात पोचणार असतील तर तसाच राहू द्या, कुठवर गेलाय हे कळायला हवं. काढावाच लागला तर आधी फोटो काढा आणि जागेवर पेनानं खूण करा, खुरातलं भोक लगेच मिटतं आणि मग सापडत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन विचारून घ्याच, घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो.

मात्र शिंगरू महिना-दोन महिन्यांच्या आतलं असेल आणि सांधा सुजलाय, ताप आहे, तर ते खुराचं नाही, नाभीतून गेलेलं इन्फेक्शन असू शकतं. त्यात एक दिवसही घालवू नका.

प्रश्न : खुरांना कोणतं तेल लावावं? गावात जळकं ऑइल लावतात. (जत)

उत्तर : जळकं ऑइल ट्रॅक्टरचं, ते डब्यातच राहू द्या. तेलानं खूर वाढत नाही, तो आतून खाण्यावर वाढतो. चमक हवी म्हणून बाजाराच्या दिवशी मोहरीचं तेल पुसा, माझी हरकत नाही.