कडी काढायच्या आधी चेनला टेप लावा

भाऊ, मुलीच्या सायकलची चेन पांदण रस्त्यावर सारखी उतरते आणि मिस्त्री 'एक कडी कमी करू' म्हणतो, असं तुम्ही लिहिलंय. माझं कळकळीचं सांगणं, आधी चेन मोजा. चेन नुसती ढिली असेल तर मागच्या चाकाचे नट सैल करा, चाक मागं ओढा, काम झालं. झिजली असेल तर कडी काढूनही दुखणं राहतंच.

चेनच्या पट्ट्या ताणत नाहीत, आतली पिन आणि तिचं भोक झिजतं. नव्या चेनमध्ये पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत बरोबर अर्धा इंच असतो आणि फ्रीव्हीलचे (मागच्या चाकावरच्या दातेरी चक्राचे) दातेही त्याच मापाचे असतात. झीज झाली की हे प्रत्येक अंतर थोडंथोडं वाढतं आणि चेन दात्यांच्या बुडाशी न बसता वर चढते. आपल्या साध्या सायकलची चेन साधारण 112 पिनांची, म्हणजे 56 इंच. फुटामागे एक सूत (इंचाचा आठवा भाग) वाढलं तरी पूर्ण चेन अर्ध्या इंचाहून जास्त लांबते. कडी काढली की ही लांबी कमी होते, पण दोन पिनांमधलं वाढलेलं अंतर तसंच राहतं.

मोजायला सुताराची स्टीलची टेप पुरते. कंपासपेटीतली पट्टी तोकडी पडते. चेन कव्हर काढा, चेन फडक्यानं पुसा. कोणाला तरी मागचा ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पॅडलवर हातानं थोडा जोर द्या, म्हणजे वरची बाजू ताठ होईल. टेपच्या टोकाचा हुक हलतो, म्हणून शून्यापासून मोजू नका. 1 इंचाची रेघ एका पिनेच्या मधोमध ठेवा. ती पहिली धरून पंचविसावी पिन पाहा. नव्या चेनमध्ये ती बरोबर 13 इंचांवर येते. अर्धा सूत पुढे गेली असेल तर नव्या चेनची तयारी ठेवा. एक सूत गेली असेल तर बदलाच. गिअरच्या सायकलला मात्र अर्ध्या सुतावरच बदलावी. दोन-तीन ठिकाणी मोजा, कारण झीज सगळीकडे सारखी नसते.

टेप नसेल तर पुढच्या चेनव्हीलच्या (पॅडलजवळच्या मोठ्या दातेरी चक्राच्या) अगदी समोरच्या टोकाला चेन चिमटीत धरून पुढे ओढा. अर्धा दात उघडा पडला तर चेन गेली समजा. ही अंदाजाची खूण आहे, निर्णय टेपवरच घ्या.

चेन एक सुताच्या पुढे गेली असेल तर फ्रीव्हीलही नीट बघा. दाते एका बाजूला झुकून टोकदार झाले असतील तर दोन्ही एकदम बदला. जुन्या फ्रीव्हीलवर नवी चेन टाकली तर चढावर जोर लावताना ती दात सोडते, आणि दप्तर घेऊन उभ्यानं पॅडल मारणारी पोरगी तोंडावर पडू शकते. हे मी फार गांभीर्यानं सांगतोय.

पावसाळ्यात चिखल आणि मुरुमाची कच तेलात मिसळली की चेन आतून घासत राहते. गाडीतलं जळकं ऑइल ओतू नका, त्यात आधीच धातूचा कीस असतो. चेन पुसून कोरडी करा, प्रत्येक कडीवर शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब टाका आणि वरचं तेल पुसून घ्या.

नवी चेन बसवल्यावर लॉकच्या (चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीच्या) क्लिपचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला आहे ना, तेवढं मिस्त्रीसमोरच पाहून घ्या.