त्यांचा फोटो इकडे पाठवू नकोस

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. व्हॉट्सअॅपवर आलं तरी मी त्याला पत्रच म्हणते. टांझानियात जाऊन स्वाहिली बोलताना अजून गाडी अडते, बाजरीच्या पिठाच्या घट्ट उगालीबरोबरची म्लेंड्याची बुळबुळीत पालेभाजी घशाखाली उतरत नाही, डिसेंबर उजाडेपर्यंत दोदोमाकडे पावसाचा थेंब नाही, यावर मी काही लिहिणार नाही. ते सगळं अंगवळणी पडतं. मी अडले ते तुझ्या शेवटच्या चार ओळींवर. मिशन रविवारासाठी वसईहून आपल्या धर्मग्रामाने, म्हणजे पॅरिशने, फोटो मागितले. कोरड्या नदीच्या वाळूत खड्डा करून वाटीवाटीने पाणी उपसणाऱ्या मुलाचा फोटो तू पाठवलास. रविवारच्या मिस्सानंतर, उपासना संपल्यावर, तो चर्चमध्ये पडद्यावर दाखवला, लोक हळहळले, पैसे जमले, आता बोअरवेलचं घाटतंय. तू कौतुकाने फोनवर त्या मुलाच्या आईला हे सगळं दाखवलंस आणि तिने एवढंच विचारलं, "हा कुणी कुणी पाहिला?" तेव्हापासून तुला झोप नाही, आणि का नाही तेही तुला कळत नाही.

मला कळतं. म्हणून आडवळणं न घेता लिहिते. त्यांचा फोटो इकडे पाठवू नकोस. परवानगी घेऊन नको, चेहरा पुसट करून नको, "फक्त आपल्या ग्रुपपुरता" नको. पाठवू नकोस.

"पण सिस्टर, त्या पैशातून भलंच होणार ना?" हो, होणार. पाणी लागलं तर बायकांची तंगडतोड वाचेल. मी कधी नाही म्हटलं? भलं होतं म्हणूनच तर हे सोडवत नाही. ही रीत आपण काढलेली नाही. १८२० च्या सुमारास फ्रान्समधल्या ल्यों शहरात पॉलीन जारिको या तरुणीने मिशन कार्यासाठी आठवड्याला एक नाणं गोळा करायची साखळी उभी केली. सुरुवातीला नाणं देणाऱ्यांत रेशमाच्या कारखान्यातल्या मुली होत्या. पुढे देणाऱ्यांना उमेद यावी म्हणून दूरदेशीच्या मिशनऱ्यांची पत्रं छापून वाटली जाऊ लागली. १९२६ पासून आपण ऑक्टोबरात मिशन रविवार पाळतो तो याच वाटेवरचा. जारिकोला मी नावं ठेवत नाही, त्या मुलींना तर मुळीच नाही. पण पत्राला पैसे येऊ लागले की पुढचं पत्र कशासाठी लिहिलं जातं ते तुला सांगायला नको. आणि पत्रापेक्षा फोटोला जास्त येतात.

आपण तर या फोटोंच्या दुसऱ्या बाजूलाही उभे राहिलेलो आहोत. १८९९-१९०० च्या दुष्काळात हिंदुस्थानातल्या उपाशी माणसांचे फोटो अमेरिकेत छापून आले, लोकांनी सढळ हाताने दिलं, मक्याने भरलेलं जहाज मुंबईला लागलं. त्या मक्यावर माणसं जगली, हे मी विसरत नाही. पण बरगड्या दिसणारी ती माणसं कोण, कुठली, कुणाची, हे विचारायचं कुणाला सुचलं असेल असं मला वाटत नाही.

इतकं लांब कशाला? साठच्या दशकात आमच्या चर्चच्या आवारात अमेरिकेहून आलेली दुधाची पावडर वाटत. मी डबा घेऊन रांगेत होते. चर्चला जायचं म्हणून आईने इस्त्रीचा फ्रॉक घातला होता. एका परदेशी पाहुण्याने मला रांगेतून बाजूला काढलं आणि रिकामा डबा पुढे धरायला सांगितलं. मी तो पाठीमागे लपवला, तर आईनेच दटावलं, "धर नीट, पाहुणा आहे." आमची केळीची वाडी होती, घरात सुकेळीचे पुडे होते, विहीर बारमाही होती. तो फोटो कुठे गेला, त्याखाली काय छापलं, किती घरांत माझ्याबद्दल कोण हळहळलं, मला आजतागायत ठाऊक नाही. त्या बाईने तुला विचारलं तेच मलाही विचारायचं होतं. मी सहा-सात वर्षांची होते, विचारता आलं नाही.

तू वाचणारी पोर आहेस, तेव्हा काँगोचं उदाहरण माझ्या तोंडावर फेकशीलच. अॅलिस सीली हॅरिस या इंग्रज मिशनरी बाईने १९०४ साली न्साला नावाच्या बापाचा फोटो काढला. समोर त्याच्या पाच वर्षांच्या लेकीचा तोडलेला हात आणि पाय, आणि तो नुसता बघत बसलेला. ते फोटो इंग्लंड-अमेरिकेत सभांमधून पडद्यावर दाखवले गेले, गहजब झाला, आणि १९०८ मध्ये बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याला काँगोवरची आपली खाजगी मालकी सोडावी लागली. मान्य, त्रिवार मान्य. पण न्साला ते अवशेष घेऊन स्वतः मिशनवर आला होता. त्याला ते कुणाला तरी दाखवायचं होतं, आणि त्यात आरोपी होता. तुझ्या फोटोत आरोपी कोण? कुणीच नाही. नुसती वाळू आणि पोरगं. असा कुणी आरोपी तुला सापडला तर त्याचा फोटो काढ, मी स्वतः गावभर दाखवीन.

आता माझं ऐक. माझ्याबद्दल तुला कुणी ना कुणी सांगितलंच असेल, म्हणून मीच सांगते. मी तिकडे होते तेव्हा आमच्या दवाखान्याला बाळंतपणाची खोली नव्हती. मी फोटो पाठवत नव्हते, म्हणून पैसे येत नव्हते. गावाच्या समितीत एक म्हातारेबाबा होते. सत्तरच्या दशकात उजामाच्या, म्हणजे सामुदायिक गावांच्या, सरकारी धोरणात वस्त्या मोडून माणसं नव्या गावात आणली, त्यांतले. राष्ट्राध्यक्ष न्येरेरेंचा १९६७ चा अरुशा जाहीरनामा त्यांना पाठ. गरिबाने पैशावर भिस्त ठेवून विकास करू म्हणणं हा वेडेपणा, असं त्यात आहे, आणि बाबा ते प्रत्येक सभेत ऐकवत. त्यांनी ठरवलं की विटा आपण भाजायच्या. भाजल्या. मग पत्रे. शेंगदाणा विकला गेला की थोडे पत्रे, पाऊस दगा देऊन गेला की काहीच नाही. भिंती उभ्या राहिल्या आणि वर आभाळ, असं कितीतरी हंगाम चाललं.

त्याच काळात एक बाई जिल्ह्याच्या दवाखान्याकडे निघाली आणि वाटेतच, बैलगाडीत, बाळंत झाली. मूल गेलं. त्या रात्री माझ्याबरोबरची सिस्टर मला म्हणाली, "एक फोटो पाठवला असतास तर छप्पर पडलं असतं." मी तिला उत्तर दिलं नाही. वरिष्ठांनी विचारलं, त्यांना दिलं. आज तुलाही देते. मी बरोबर होते. छप्पर नव्हतं ते माझ्याकडे कॅमेरा बंद होता म्हणून नव्हे. सरकारी दवाखाना इतका लांब होता आणि रस्ता पावसात वाहून जायचा, म्हणून. मी रस्त्यासाठी जिल्ह्याच्या कचेरीत खेटे घातले, ते कुणी मोजत नाही. मूल मात्र माझ्या खात्यावर मांडतात. मांडू देत. त्याची आई पुढेही मिस्साला येत राहिली आणि माझ्याशी बोलत राहिली. मी तिला कधी काही विचारलं नाही. ते विचारायला हवं होतं की नको, यावर मी अजून रात्री उठून बसते. पण फोटोवर नाही.

खोली झाली, हे राहिलंच सांगायचं. कुणा दात्याची पाटी नाही, वसईचं नाव नाही. मग काही वर्षांनी सरकारने हमरस्त्यावर आरोग्य केंद्र बांधलं आणि आता त्या खोलीत गाव धान्य ठेवतं, असं कानावर आलं. हे ऐकून इथल्या काही जणी हसल्या. हसू देत. त्यांची खोली आहे, बाजरी ठेवतील नाहीतर कोंबड्या. आपल्या पैशाने बांधली असती तर कोंबडी ठेवायलाही आपल्याला विचारायला आले असते.

फोटो मी काढलेच नाहीत असं समजू नकोस. एक साधा कॅमेरा होता माझ्याकडे, आणि गावात तो सगळ्यांना ठाऊक होता. नियम एकच, ज्याचा फोटो त्याच्या हातात. एकदा एका घरी गेले तेव्हा बाई अंगणात शेंगा फोडत होती. म्हणाली, थांबा. आत गेली ती बराच वेळ आलीच नाही. आली तेव्हा नवीकोरी खांगा, तिथल्या बायकांचं छापील वस्त्र, नेसलेली, घडीच्या रेघासुद्धा मोडल्या नव्हत्या. मागून मुलगा खुर्ची घेऊन आला. खुर्चीच्या एका बाजूला थर्मास, दुसऱ्या बाजूला रेडिओ. शेंगांची टोपली तिने पायाने चौकटीबाहेर सरकवली, मुलाच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं, दोघं ताठ उभी राहिली. हसायचं नाही, फोटोत हसत नाहीत. दोदोमाला धुऊन आणून मी तो तिला दिला. भिंतीवर लावला तिने. आता तूच सांग, हा फोटो पडद्यावर दाखवला तर वसईत कुणाच्या खिशातून दहाची नोट तरी निघेल का? तिला स्वतःचा जो फोटो हवा तो आपल्याला विकता येत नाही, आणि जो विकता येतो तो ती कधी काढू देणार नाही. एवढं दिसत असून पुन्हा मला "पण सिस्टर" म्हणू नकोस.

आपल्या लोकांचंही थोडं चुकतं. वसईत मिशनरी म्हटलं की आपल्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया, १५९७, जपानात नागासाकीचा क्रूस. जपानी शिकून तो वर्षानुवर्षं बाजारात, घरात, राजदरबारात दुभाष्याचं काम करत होता, हे प्रवचनात कितीसं येतं? त्यामुळे मिशनहून पत्र आलं की त्यात हाल हवे असतात, तुझे नसले तर त्यांचे. त्यांना दुसरं काहीतरी द्यायला शीक. शेंगदाण्याचा भाव लिही. तिथल्या रस्त्यावर पळणाऱ्या रिक्षांना बजाजी म्हणतात आणि त्या पुण्याच्या कंपनीच्या नावावरून, हे लिही, मुलं खूश होतील. वसईच्या किल्ल्यातली आपली गोरखचिंच तिथे माळावर जागोजागी उभी असते आणि तिच्या बिया लाल साखरेत घोळवून पोरं चघळतात, तिचा काढ फोटो. झाडाला कुणी पाहिलं तर त्याचं काही जात नाही. आणि कष्टच दाखवायचे असतील तर म्लेंडा गिळतानाचं स्वतःचं तोंड पाठव.

राहिला आलेल्या पैशांचा प्रश्न. ते तुझे नाहीत आणि धर्मग्रामाचेही राहिले नाहीत. येत्या गावसभेत उठून रक्कम सांग, शिलिंगात सांग, रुपयांत नको. ती कशाच्या जोरावर आली ते सांग. पण त्याआधी त्या बाईच्या घरी जा, एकटी जा, फोन घेऊन. कुणी कुणी पाहिला ते तिला सांग. चर्चमध्ये किती माणसं मावतात ते सांग, फादर काय म्हणाले तेही सांग. ती म्हणाली राहू दे, तर बोअरवेल कुठे घ्यायची ते समितीला ठरवू दे, तू मध्ये बोलू नकोस. ती म्हणाली परत करा, तर परत करायचे. मी इथल्या फादरांशी बोलेन. त्यांना माझा स्वभाव माहीत आहे, फार वाद घालणार नाहीत.

आणि फोनमधला तो फोटो तिच्यासमोर पुसू नकोस. आधी तिला विचार, तिला त्याची प्रत हवी आहे का.

तुझी,
सिस्टर